'स्टार ट्रेक'चं ५० वर्षं जुनं यान म्युझियमने पुन्हा कसं तयार केलं?

आज सिनेमातलं अवकाशयान कॉम्प्युटरवर तयार होतं. पण १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका टीव्हीवर लागायची, तेव्हा यानाचं खरंखुरं मॉडेल बनवून त्याचं शूटिंग करावं लागायचं. त्यातलं 'एंटरप्राइज' यानाचं मोठं मॉडेल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. ते नीट कसं केलं, ते पाहूया.

मॉडेल नेमकं कसं आहे?

यानाचं डिझाइन मॅट जेफरीज यांचं. मॉडेल १९६४ मध्ये बनलं. लांबी सुमारे ३.४ मीटर, वजन जवळपास ९० किलो. लाकूड, प्लास्टिक, पत्रा आणि आत दिवे. १९७४ मध्ये ते संग्रहालयाला भेट मिळालं. पुढे त्याची अनेकदा डागडुजी झाली, नवा रंग चढला आणि मूळ रूप झाकलं गेलं.

मग काय केलं?

२०१४ मध्ये काम सुरू झालं. मालिका चालू असतानाही मॉडेलमध्ये बदल होत होते. म्हणून आधी एक टप्पा ठरवला: ऑगस्ट १९६७, शेवटचा माहीत असलेला बदल झाला तेव्हाचं रूप. त्यानंतर:

- एक्स-रे: न उघडता आतली जोडणी आणि वायरिंग पाहिलं.
- अतिनील प्रकाश: जुना रंग कुठला आणि नंतरचा कुठला, हे ओळखायला मदत झाली.
- मूळ रंग: वरच्या तबकडीवरचा जुना रंग शिल्लक होता. तो जपला आणि बाकीच्या भागाचा रंग त्याच्याशी जुळवला.
- एलईडी: जुने बल्ब तापतात, त्याने लाकूड-प्लास्टिकला धोका. म्हणून आत एलईडी बसवले.
- लोकांचे फोटो: १९७६ पूर्वी कोणी मॉडेलचे फोटो काढले असतील तर द्या, असं आवाहन संग्रहालयाने केलं.

२०१६ मध्ये मॉडेल पुन्हा प्रदर्शनात आलं.

डावी बाजू अर्धवट का?

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे. दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने बाहेर यायच्या, म्हणून शूटिंग उजव्या बाजूनेच व्हायचं. डावीकडे पूर्ण सजावट कधी नव्हतीच. आता ती करणं सहज शक्य होतं, पण संग्रहालयाने केली नाही. माझ्या मते हाच निर्णय सर्वात महत्त्वाचा. यान चकाचक झालं असतं, पण ते कसं वापरलं जायचं याचा पुरावा गेला असता.

आपल्यासाठी काय?

घरच्या जुन्या अल्बममधले फोटो फोनने स्कॅन करताना एक कॉपी फिल्टर न लावता ठेवा. फोटोमागे तारीख लिहिली असेल तर तिचाही फोटो घ्या. एआयने चेहरा उजळवायचा असेल तर तो वेगळ्या कॉपीत. कुठला डाग उद्या पुरावा ठरेल, हे आज कळत नाही.