बाबांची हत्यारांची पिशवी

मागच्या रविवारी भाचा ठाण्याहून डोंबिवलीला सायकलने आला. सायकल नवी, गिअरवाली. "मामा, सीट सारखी खाली सरकतेय." मामा लगेच पिशवी घेऊन हजर! पिशवी बाबांची, पण त्यातला ॲलन कीचा सेट मी फुटपाथवरून स्वस्तात घेतलेला. जरा जोर लावला आणि ५ मिलिमीटरची किल्ली गर्रकन फिरली. बोल्टचे कोपरे गेले. भाचा म्हणाला, "भंगारात द्या हे सगळं."

बाबांची पिशवी भंगारात? मनाला लागलं.

बाबा वर्षानुवर्षं काळ्या सायकलने स्टेशनपर्यंत जायचे, पुढे लोकल. रविवारी सायकल उलटी करून दुरुस्ती चाले. दोन पाने, पकड, हातोडी, बस्स. कधी अडलं नाही. त्या सायकलचे नट जाड लोखंडी, पाना त्यांना बाहेरून धरणारा. थोडा सैल असला तरी खपून जाई. पेडलचा दांडा कॉटर पिनने बसवलेला, ती हातोडीनेच ठोकायची. नव्या सायकलीत बोल्टच्या डोक्यात इवलासा षटकोनी खड्डा. किल्लीचं माप केसभर कमी किंवा पोलाद मऊ असलं की कोपरे झिजलेच! महाग हत्याराचे जास्तीचे पैसे असतात ते कडक पोलादाचे आणि अचूक मापाचे.

पण हाताचं काय?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून सुरुवात होऊन पुढे लोखंडी नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिकडे अमेरिकेत राइट बंधूंनी १८९२ साली सायकलचं दुकान थाटलं. १९०३ साली उडालेल्या त्यांच्या विमानाचं इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने त्याच धंद्याच्या जागेत, साधा लेथ आणि ड्रिल वापरून सुमारे सहा आठवड्यांत बनवलं. हत्यारं साधी, पण माप चुकवून चाललं नसतं.

आमचा बोल्ट शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने काढला. करवतीने डोक्यावर खाच पाडली, जुना स्क्रूड्रायव्हर लावला, दोन मिनिटांत काम फत्ते. म्हणजे महाग किल्लीने बोल्ट वाचला असता हे खरं, पण बिघडलेलं निस्तरलं ते हातानेच.

सोमवारी चांगल्यातला एक ॲलन कीचा सेट आणला. फुटपाथवरचा भंगारात गेला. तो पिशवीत मीच घातला होता. बाबांची हत्यारं त्यात बिचारी उगाच बदनाम झाली.

असो. पुढच्या रविवारी भाच्याला पंक्चर काढायला शिकवायचं आहे. बाबांच्याच पिशवीतून!