यहुदी अशौचविधी : शास्त्रवचन आणि स्त्रियांची रूढी

यहुदी धर्मशास्त्रातील रजस्वलेच्या अशौचाचा मूळ आधार तोरेतील लेवीय ग्रंथाचा १५ वा अध्याय होय. नियमित रजःस्रावाचे अशौच तेथे सात दिवसांचे सांगितले आहे. अनियमित वा दीर्घ स्राव झाल्यास मात्र तो थांबल्यावर आणखी सात शुद्ध दिवस मोजावयाचे असतात. रजस्वलेच्या अंथरुणाला शिवणाऱ्याने स्नान करावे असे वचन आहे. खुद्द तिच्या स्नानाविषयी मात्र स्पष्ट आज्ञा नाही. पुढील काळातील एका मोठ्या आचारभेदाचे बीज येथेच आढळते.

मोहरीएवढा रक्तबिंदू दिसला तरी सात शुद्ध दिवस पाळण्याचा निर्बंध इस्राएलच्या कन्यांनी आपण होऊन स्वीकारला, असे बाबिलोनी ताल्मूदात रब्बी झेइरा यांच्या नावे नमूद आहे. त्यामुळे मूळचे दोन प्रकार एक होऊन कठोर नियमच सर्वत्र लागू झाला. शास्त्रकारांनी याचे कर्तृत्व स्त्रियांकडे दिले, ही गोष्ट लक्षणीय होय.

परंतु स्त्रियांची रूढी सदैव शास्त्रकारांना अनुकूल राहिली असे नाही. बाराव्या शतकात इजिप्तमधील फुस्तात येथे ताल्मूद मानणारे रब्बीपंथी आणि केवळ लिखित शास्त्र प्रमाण मानणारे कराई हे शेजारी राहत. त्यांच्यात विवाहसंबंधही घडत. रब्बीपंथी नियमानुसार शुद्धीसाठी ‘मिक्वे’ या नैसर्गिक पाण्याच्या कुंडात पूर्ण बुडी मारणे अवश्य होते. तथापि अनेक रब्बीपंथी स्त्रिया कराई वळणावर जाऊन स्नानगृहात अंगावर पाणी ओतून घेत व तेवढ्याने शुद्धी मानीत. शुद्ध दिवसांची गणनाही मागे पडली होती. अखेर मोशे बेन मैमून (मैमोनिडीज) व त्यांचे सहकारी न्यायाधीश यांनी ११७६ मध्ये निर्बंध जाहीर केला : अशा स्त्रीचा ‘केतुबा’ या विवाहलेखातील धनावरील हक्क बुडेल. वैधव्यात वा घटस्फोटानंतर तेच धन तिचा आधार असे. घरातील आचार न्यायालयास दिसत नव्हता. म्हणून जे न्यायालयापुढे येणारच, त्या धनावर त्याने हात ठेवला.

एकच शास्त्र मानणाऱ्यांतही भेद राहिलेच. १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या ग्रंथात योसेफ कारो यांनी शुद्ध दिवसांची गणना पाचव्या दिवसापासून सांगितली. क्राकोचे मोशे इस्सर्लिस यांनी अश्केनाझी रूढीस अनुसरून ती सहाव्यापासून धरली. रजस्वलेने सभास्थानात जाऊ नये ही रूढीही इस्सर्लिस यांनी नोंदविली. परंतु महापर्वात सर्वजण आत जमले असता तिने बाहेर राहणे क्लेशकारक होईल, म्हणून त्या दिवसांपुरती मोकळीक दिली.

इथिओपियातील बेटा इस्राएल समाजापर्यंत ताल्मूद पोहोचला नव्हता. तेथील रजस्वला वस्तीपासून वेगळ्या झोपडीत राहत व नदीत स्नान करून परतत. प्रसूतीनंतर पुत्र झाल्यास चाळीस व कन्या झाल्यास ऐंशी दिवस पाळीत. १९८४-८५ व १९९१ मधील मोठ्या स्थलांतरांनंतर इस्राएलमधील सदनिकांत ही झोपडी उरली नाही, आणि तिच्यावर उभा असलेला आचारही मूळ स्वरूपात टिकणे कठीण झाले.

सारांश, या विधीचा इतिहास केवळ ग्रंथांवरून लिहिता येत नाही. ग्रंथकारांनी स्त्रियांच्या आचाराला कधी नियमाचे रूप दिले, कधी दंडाचे भय घातले, तर कधी त्यांच्या दुःखापुढे नियम शिथिल केला.