तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात शाळेत जाणारं पोर असेल तर वेळ काढून वाचा.

मागच्या महिन्यात एका कामानिमित्त आपल्या नवी मुंबईतल्या एका शाळेत गेलो होतो. तक्रारपेटी होती. कुठे? मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली! किल्ली कुणाकडे असं विचारलं, तर कुणालाच पटकन सांगता येईना. "आमच्याकडे तक्रारीच येत नाहीत," हे मात्र अभिमानाने सांगितलं.

मुलांना बोलायला शिकवा, असं आपण म्हणतो. पण मागे वळून बघितलं तर मुलं बोलत आलेलीच आहेत. १८५५ साली पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, कुणाची भीडभाड न ठेवता. शाळकरी पोर होती ती. 'ज्ञानोदय'ने तो छापला म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची, मुंबईची. जेरू बिलिमोरिया टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवायच्या, रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करायच्या. अडचणीत सापडलेली मुलं रात्री-अपरात्री त्यांनाच फोन करायची. त्यातूनच १९९६ मध्ये १०९८ हा फुकट फोन सुरू झाला. मुलांच्या तोंडी 'दस नौ आठ'. इथे एक बारकी गोष्ट लक्षात घ्या. आधी फोन येत होते, नंबर नंतर आला. म्हणजे मुलांना बोलायचं होतंच, पलीकडे उचलणारं कुणीतरी हवं होतं.

कायदाही पुढे तेच म्हणाला. १४ नोव्हेंबर २०१२ पासून, म्हणजे बालदिनापासून, पोक्सो लागू झाला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसांनी वर्दी घालायची नाही, आणि गुन्हा कळूनही जो कळवत नाही तोही गुन्हेगार. संस्थेचा प्रमुख असेल तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. कागदावर सगळं चोख.

आणि मग बदलापूर. आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या मुली. 'गुड टच, बॅड टच'चा तास त्यांना झाला होता की नाही, देव जाणे. पण त्रास होतोय हे त्यांनी घरी सांगितलं. एवढ्याशा पोरींनी आपलं काम केलं हो! ढिले पडलो ते आपण मोठे. पालक तासन् तास पोलीस ठाण्यात ताटकळले. शाळेने स्वतःहून कळवलं नाही, म्हणून पुढे शाळेच्या जबाबदार लोकांवरही गुन्हा नोंदवावा लागला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. त्यानंतर यंत्रणा हलली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्तींनी 'सातच्या आत घरात' सिनेमाचा उल्लेख करून विचारलं, की ही बंधनं फक्त मुलींनाच का, मुलग्यांना का नाही शिकवत? मला तरी त्या सगळ्या गदारोळातलं हे सगळ्यात कामाचं वाटलं.

आरोपी पुढे पोलिसांच्या गोळीने मेला आणि चर्चा तिकडेच वळली. शाळेत काय बदललं, हे विचारायचं राहून गेलं. सरकारी आदेश निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा. पेट्या लागल्यासुद्धा. पण कॅमेऱ्यासमोर उभं राहून कुठली सहावीतली मुलगी चिठ्ठी टाकेल? आणि बालवर्गातलं पोर, ज्याला लिहिताच येत नाही, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी पेटी नाही, ओळखीच्या बाईच लागतात. मधल्या सुट्टीत शेजारी बसून "आज काय झालं गं?" असं विचारणाऱ्या.

शनिवारी माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभा आहे. मी दोनच गोष्टी लेखी देणार आहे. पेटी कॅमेऱ्यापासून लांब, मुलींच्या जिन्याकडे हलवा. आणि ती दर आठवड्याला दोन पालकांसमोर उघडा. तुमच्या शाळेत किल्ली कुणाकडे असते, ते खाली कमेंटमध्ये लिहा. शाळेचं नाव नको, मुलांचं तर अजिबात नको.