इंदूरच्या दोन स्त्रिया आणि रुपेरी पडदा

प्रत्यक्ष घडलेली दुःखद घटना कलेचा विषय होते, तेव्हा कलावंताचे ऋण कोणाप्रत असते, हा प्रश्न आपल्याकडे नाटकाच्या संदर्भात पुष्कळ वेळा चर्चिला गेला आहे. चित्रपटाच्या संदर्भात मात्र त्याचा ऐतिहासिक विचार फारसा झालेला नाही. वास्तविक भारतीय मूकपट अवघा बारा वर्षांचा होता, तेव्हाच हा प्रश्न त्याच्या पुढ्यात उभा राहिला होता. आणि त्याचे मूळ आमच्या इंदूर नगरीत होते.

12 जानेवारी 1925 च्या सायंकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत तरुण व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. त्याच्यासमवेत मुमताज बेगम ही स्त्री होती. इंदूरच्या होळकर दरबारातील ही नर्तकी दरबार सोडून निघून आली होती, व तिला पळवून नेणे हाच हल्लेखोरांचा हेतू होता. बावला गोळी लागून मरण पावला. मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी त्याच वेळी तेथून चालले होते. त्यांनी हल्लेखोरांशी झुंज दिली, म्हणूनच ती वाचली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे नऊ आरोपींवर खटला चालला. बचावाच्या वकिलांत बॅरिस्टर जीना होते. सात जण दोषी ठरले. त्यांपैकी तिघांना फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यावर खटला कधीच झाला नाही. चौकशी आयोग की राज्यत्याग, असा पर्याय त्यांच्यापुढे आला, तेव्हा फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी राज्यत्याग केला आणि सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले.

ही हकीकत सर्वपरिचित आहे. तितकीशी परिचित नसलेली गोष्ट ही, की त्याच 1925 साली मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने या प्रकरणावर एक मूकपट काढला. होमी मास्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे नाव ‘कुलीन कांता’. मूकयुगातील बहुसंख्य चित्रपटांप्रमाणे तोही काळाच्या उदरात गडप झाला आहे. पण त्याचे नाव व त्याचा काळ एवढ्यावरूनही बरेच काही समजते.

प्रथम काळाचा विचार करू. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरविणाऱ्या लेखनाला प्रतिबंध करणारा कायदा 1922 मध्ये झाला होता. 1918 च्या कायद्यान्वये मुंबईत 1920 पासून चित्रपटांचे परीक्षण करणारे मंडळ काम करीत होते. अशा वेळी एका विद्यमान महाराजांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या प्रकरणावर चित्रपट काढणे हे साहस होते. पण कोहिनूर कंपनीला रूपकाची वाट अपरिचित नव्हती. 1921 च्या ‘भक्त विदुर’ या पौराणिक चित्रपटात तिने विदुराला गांधीजींचे रूप दिले होते, आणि त्यापायी काही प्रांतांत त्या चित्रपटावर बंदीही आली होती. बावला प्रकरणासाठीही तिने असेच सर्वसाधारण, कोणाचेही नाव न घेणारे शीर्षक निवडले. आडपडदा ठेवावयाचा, पण प्रेक्षकाला ओळख पटेल इतका तो विरळ असावयाचा, ही आपल्या चित्रपटसृष्टीची रीत तेव्हापासूनची आहे.

आता नावाचा विचार करू. ज्या स्त्रीला समाज कुलीन मानावयास तयार नव्हता, तिच्या कथेला ‘कुलीन कांता’ म्हणणे यात सहानुभूती होती, की तिकीटविक्रीचे चातुर्य होते? माझ्या मते दोन्ही असू शकतात, आणि त्यातच या प्रश्नाची अवघड गाठ आहे. मुमताज त्या वेळी हयात होती. आपल्या चेहऱ्यावरील व्रण घेऊन ती न्यायालयात उभी राहिली होती. आपल्याला झालेली मुलगी जिवे मारली गेली, असे तिने साक्षीत सांगितले होते. तिचे हे दुःख त्याच वर्षी पडद्यावर करमणुकीचे साधन झाले. आडपडद्याने निर्मात्याचा कायद्यापासून बचाव केला. महाराजांचे नाव झाकले. मुमताजला मात्र त्या पडद्याने काय दिले? तिला तर सारे जग ओळखतच होते.

याच 1925 साली कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरील या चित्रपटातील शेतकरी ही कोणी एक व्यक्ती नव्हती. तो हजारोंचा प्रतिनिधी होता, म्हणून त्याच्या दुःखाच्या चित्रणाने कोणा एकाची जखम उघडी पडली नाही. पुढे 1937 मध्ये आपट्यांच्याच कादंबरीवरून प्रभातने ‘कुंकू’ काढून जरठविवाहाचा प्रश्न मांडला, तोही याच मार्गाने. दुसरा मार्ग प्रत्यक्ष घटनेचा. 1981 मध्ये अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’साठी मानवतच्या हत्याकांडाचा आधार घेतला, तेव्हा तो निवडला. पहिल्या मार्गात कलावंताचे ऋण समाजाप्रत असते. दुसऱ्यात ते आणखी एका ठिकाणी असते: ज्या माणसावर प्रसंग गुदरला, त्याच्याप्रत.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच संपला असता, तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते. परंतु बरोबर शंभर वर्षांनी तो पुन्हा इंदुरातच उपस्थित झाला. 1978 मध्ये बासष्ट वर्षांच्या शाहबानो यांनी पोटगीसाठी इंदूरच्या न्यायालयात धाव घेतली. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा 25 रुपये दिले. उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले. 1985 च्या एप्रिलमध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने तो निर्णय कायम केला. त्यावरून देश ढवळून निघाला. शाहबानोंनी स्वतःच त्या निर्णयाकडे जाहीरपणे पाठ फिरविली. आणि 1986 मध्ये संसदेने नवा कायदा केला. नोव्हेंबर 2025 मध्ये या प्रकरणावरून स्फुरलेला ‘हक’ हा चित्रपट आला. त्यातही पात्रांची नावे बदललेली होती. शाहबानोंच्या कन्येने त्याविरुद्ध उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात दाद मागितली. व्यक्तीचा खाजगीपणाचा हक्क व तिची प्रतिष्ठा तिच्या निधनाबरोबर संपते, तो वारसाहक्क नव्हे, असे सांगून न्यायालयाने ती याचिका फेटाळली.

कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. मृतांच्या वारसांची अनुमती अनिवार्य केली, तर इतिहास लिहिणेच अशक्य होईल. पण कायदा जेथे थांबतो, तेथेच विवेकाचे काम सुरू होते. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे. चित्रपटातील आडपडदा कोणाचे रक्षण करतो, हे पाहावे. तो दुर्बलाचे रक्षण करीत असेल तर तो मर्यादा आहे. केवळ बलवंताचे आणि निर्मात्याचे रक्षण करीत असेल तर ती पळवाट आहे.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. आमच्या बडा गणपतीच्या भागातील जुन्या मराठी घरांतून होळकरांचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच तुकोजीरावांच्या कारकीर्दीत 1917 मध्ये इंदुरास मराठी साहित्य संमेलन भरले होते. मात्र याच घरांतून बावला प्रकरणाचा विषय निघाला, की आवाज खाली येतो, आणि बोलणे झाले तर ते गादी गेल्याच्या हळहळीचे असते. त्या स्त्रीविषयी एक शब्दही निघत नाही. राज्यत्यागाची तारीख मी कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो. मुमताजचे नाव मात्र मी मुलांसमोर कधी उच्चारले नाही. ‘कुलीन कांता’ काढणाऱ्यांचा हेतू निर्मळ नसेलही. पण त्यांनी निदान तिची कथा सांगितली. आम्ही इतिहास शिकविणाऱ्यांनी तेवढेही केले नाही. चित्रपटाला दोष देण्यापूर्वी हे मौन कोणाचे रक्षण करीत होते, याचे उत्तर आपण दिले पाहिजे.