सीजे-३बी जीपची घरगुती देखभाल

सीजे-३बी ही विलिज कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेली आणि भारतात महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने परवान्याने उत्पादित केलेली जीप होय. स्वतंत्र पोलादी सांगाडा व साधी यांत्रिक रचना यांमुळे तिची बरीचशी दुरुस्ती घरी नेहमीच्या पान्यांनी करता येते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडांना ग्रीस देणे, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शियलमधील तेलाची पातळी पाहणे ही नित्याची कामे होत.

ब्रेकचे काम मात्र जोखमीचे आहे. जुन्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच द्रवमार्गावर चालतात; एका चाकाचा सिलिंडर गळू लागला, तरी सर्व ब्रेक निकामी होऊ शकतात. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील ड्रमवर असतो व मागील प्रोपेलर शाफ्ट रोखतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकने उचलताच ते डिफरन्शियलमुळे उलटे फिरू शकते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. पुढील चाकांचे चालन जोडलेले नसल्यास गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग होत नाही, कारण गिअरही तोच शाफ्ट अडवतो. म्हणून जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून व सांगाड्याखाली घोडी ठेवूनच गाडीखाली काम करतात.