दोंग झू चळवळ (१९०५-१९०९) : परतंत्र व्हिएतनामी विद्यार्थ्यांचे परदेशी शिक्षण आणि यजमान राष्ट्राचे हितसंबंध

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या प्रारंभी आशियातील अनेक देशांचे तरुण आधुनिक शिक्षणासाठी जपानकडे वळले. फ्रेंच अमलाखालील व्हिएतनाममधील तरुणही त्यांत होते. त्यांना जपानमध्ये नेणारी चळवळ 'दोंग झू', म्हणजे 'पूर्वेकडे प्रयाण', या नावाने ओळखली जाते. ती अवघी चार वर्षे टिकली. तिच्या अपयशाची कारणे सामान्यतः फ्रेंच दडपशाहीत किंवा नेतृत्वाच्या भाबडेपणात शोधली जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. स्वतःचे राज्य नसलेल्या समाजाचे परदेशी शिक्षण यजमान राष्ट्राच्या सोयीवर उभे असते. ती सोय संपताच विद्यार्थ्यांची गुणवत्ता, निष्ठा आणि त्याग यांपैकी काहीही ते वाचवू शकत नाही.

शस्त्रांकडून शिक्षणाकडे

चळवळीचे प्रवर्तक फान बोई चाऊ (१८६७-१९४०) हे न्गे आन प्रांतातील कन्फ्यूशियन परंपरेचे विद्वान होते. १९०० साली ते प्रांतिक परीक्षेत प्रथम आले. परंतु या परीक्षेने खुला होणारा राजसेवेचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. १९०४ मध्ये राजघराण्यातील राजपुत्र कुओंग दे यांना अग्रस्थानी ठेवून त्यांनी 'झुई तान होई' ही गुप्त संघटना स्थापन केली. रशियाविरुद्धच्या युद्धात जपानला मिळत असलेल्या यशाने प्रभावित होऊन १९०५ मध्ये ते गुप्तपणे जपानला गेले. त्यांचा मूळ हेतू शिक्षणाचा नव्हता, तर शस्त्रे मिळविण्याचा होता.

योकोहामा येथे त्यांनी निर्वासित चिनी सुधारक ल्यांग चिचाव यांची भेट घेतली. दोघांची बोलभाषा भिन्न. परंतु अभिजात चिनी लिपी समान असल्याने संभाषण प्रामुख्याने कागदावर लिहून झाले. ल्यांग यांनी त्यांची ओकुमा शिगेनोबू आणि इनुकाई त्सुयोशी या जपानी नेत्यांशी गाठ घालून दिली. शस्त्रे देणे म्हणजे फ्रान्सशी वैर पत्करणे, हे या नेत्यांनी स्पष्ट केले. तरुणांना शिक्षणासाठी आणावे आणि राजपुत्रालाही बोलावून घ्यावे, हा पर्याय मात्र पुढे आला. 'दोंग झू'चा जन्म असा एका नकारातून झाला, ही बाब लक्षणीय आहे.

विद्यार्थी, संस्था आणि निधी

१९०५ मध्ये फान यांनी व्हिएतनामच्या स्वातंत्र्यनाशाचा इतिहास लिहिला. ल्यांग यांच्या साहाय्याने तो छापला गेला. त्यापाठोपाठ तरुणांना परदेशी शिक्षणाचे आवाहन करणारे पत्रकही मायदेशी गुप्तपणे वाटले गेले. १९०६ मध्ये कुओंग दे जपानला पोहोचले. १९०८ पर्यंत विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २०० झाली. त्यांपैकी जवळपास निम्मे दक्षिणेकडील कोचिनचायनाचे होते.

काही मोजक्या विद्यार्थ्यांना शिंबू गाक्को या सैनिकी पूर्वतयारीच्या शाळेत प्रवेश मिळाला. बहुसंख्य विद्यार्थी टोकियोतील दोबुन शोइन या संस्थेत दाखल झाले. तेथे जपानी भाषा, गणित, इतिहास, भूगोल व विज्ञान यांबरोबर कवायतीचेही शिक्षण मिळे. आपली ओळख लपविण्यासाठी त्यांना चिनी विद्यार्थी म्हणून वावरावे लागे. परदेशातही आपल्या देशाचे नाव सांगता न येणे, हीच त्यांच्या स्थितीची खरी कसोटी होती.

खर्चाचा मोठा भार दक्षिणेतील जमीनदार व व्यापारी यांनी उचलला. त्रान चान च्येऊ यांनी हॉटेलसारख्या व्यवसायांतून चळवळीसाठी निधी उभा केला. म्हणजेच ही चळवळ केवळ विद्वानांची नव्हती. तिला उदयोन्मुख व्यापारी वर्गाचे पाठबळ होते.

मायदेशातील पर्यायी मार्ग

परदेशी शिक्षणावर या भूमिकेविषयी मतैक्य नव्हते. फान चाऊ त्रिन यांनी १९०६ मध्ये जपानची प्रगती पाहिली. परंतु परकीय साहाय्यावरील विसंबणे त्यांना अमान्य होते. मायदेशातच लोकशिक्षण व सुधारणा व्हाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९०७ मध्ये हनोई येथे दोंग किन न्गिया थुक ही विनाशुल्क शाळा निघाली. जपानच्या केईओ गिजुकू या संस्थेचा आदर्श तिच्यासमोर होता. वसाहत सरकारने त्याच वर्षी ती बंद केली. सरकारने स्वतः १९०७ मध्ये सुरू केलेले इंडोचायना विद्यापीठही १९०८ मध्ये बंद पडले व १९१७ मध्येच पुन्हा सुरू झाले. म्हणजे परदेशाचा मार्ग जोखमीचा असला, तरी मायदेशाचा मार्गही मोकळा नव्हता.

करार आणि हकालपट्टी

१० जून १९०७ रोजी फ्रान्स व जपान यांच्यात करार झाला. आशियातील परस्परांच्या स्थानाचा आदर करण्याचे दोघांनी मान्य केले. युद्धखर्चाने कर्जबाजारी झालेल्या जपानला पॅरिसच्या भांडवल बाजाराची गरज होती. १९०८ मध्ये मध्य व्हिएतनाममध्ये करविरोधी आंदोलने झाली आणि हनोईत फ्रेंच सैनिकांवर विषप्रयोगाचा प्रयत्न झाला. त्यानंतर फ्रेंचांचा दबाव वाढला. विद्यार्थ्यांच्या पालकांना धाक घालून, मुलांनी परत यावे अशी पत्रे लिहून घेण्यात आली. जपानी पोलिसांनी विद्यार्थ्यांची चौकशी केली आणि त्यांचे संघटन मोडण्यात आले. १९०९ मध्ये फान बोई चाऊ व त्यानंतर कुओंग दे यांना जपान सोडावा लागला. फान यांनी परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारो यांना निषेधपत्र लिहिले. त्याचा उपयोग झाला नाही.

राज्याने पाठ फिरविली, तरी व्यक्तींनी फिरविली नाही. असाबा साकितारो या जपानी वैद्यांनी अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी १,७०० येन दिले. १९१८ मध्ये फान यांनी शिझुओका प्रांतात असाबा यांच्या गावी कृतज्ञतास्तंभ उभारला. तो आजही तेथे आहे.

टोकियोतील शिवस्मरण : एक समांतर अनुभव

हा अनुभव व्हिएतनामींपुरता मर्यादित नव्हता. १९०७ मध्ये टोकियोतील भारतीय विद्यार्थ्यांनी शिवाजी महाराजांचा स्मृतिसमारंभ साजरा केला. महाराष्ट्रातील शिवोत्सवाचा हा दूरवर उमटलेला पडसाद होता. चिनी विचारवंत चांग ताय्यान यांनी 'मिनपाओ' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त लिहिला. समारंभात ओकुमा यांनी ब्रिटिश सत्तेला अनुकूल असे भाषण केल्याबद्दल त्यांनी नाराजी नोंदविली. १९०५ मध्ये नूतनीकरण झालेल्या इंग्लंड-जपान कराराच्या कक्षेत भारतही आला होता. दोन वर्षांपूर्वी फान यांना संयमाचा सल्ला देणारे ओकुमा आणि या समारंभातील ओकुमा यांत विसंगती नाही. दोन्हीकडे राष्ट्रहिताचेच गणित होते.

निष्कर्ष

'दोंग झू' फसली. परंतु ती निष्फळ ठरली नाही. तिचे काही विद्यार्थी चीनमध्ये गेले. शिंबू गाक्कोत शिकलेले लुओंग न्गोक क्वेन यांनी १९१७ च्या थाय न्गुएन उठावाचे नेतृत्व केले व त्यातच त्यांचा अंत झाला. फान यांनाही १९२५ मध्ये शांघायमध्ये अटक झाली आणि मृत्यूपर्यंत त्यांना हुए येथे नजरकैदेत राहावे लागले. पुढच्या पिढीतील न्गुएन तात थान, म्हणजेच हो चि मिन्ह, यांनी १९११ मध्ये फ्रान्समधील वसाहत-प्रशासन विद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. बारा वर्षांनी, १९२३ मध्ये, ते मॉस्कोला पोहोचले.

टोकियो, पॅरिस आणि मॉस्को यांपैकी प्रत्येक दार यजमानाच्या हिशेबानेच उघडले किंवा मिटले. म्हणून परदेशी उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना विद्यार्थ्यांच्या जिद्दीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, करारनामे आणि कर्जरोखे तपासणे अगत्याचे ठरते.