रुग्णालयात कॉम्प्युटर आला, म्हणजे उपचार सुधारतात का?

केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, लॅबचे रिपोर्ट आणि बिलं कागदावरून कॉम्प्युटरवर आणणं, हे आता जगभरातल्या रुग्णालयांत सुरू आहे. त्यावर मोठा खर्च होतो. पण त्यामुळे रुग्णालयाचं काम खरंच सुधारतं का? गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या अभ्यासांवरून दिसतं, की सुधारू शकतं, पण आपोआप नाही.

फायदा कुठे दिसला?

सर्वात ठळक फायदा औषधांच्या बाबतीत दिसला. डॉक्टरांचं न वाचता येणारं अक्षर, डोस लिहिताना चुकलेला दशांश चिन्हाचा ठिपका, रुग्णाला ज्याची अॅलर्जी आहे तेच औषध दिलं जाणं, अशा चुका रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात.

अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी औषधं हाताने न लिहिता थेट कॉम्प्युटरवर नोंदवायला सुरुवात केली. डोस चुकला किंवा अॅलर्जी असली की कॉम्प्युटर तिथेच इशारा द्यायचा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वेळीच न पकडल्या गेलेल्या औषधांच्या गंभीर चुका तिथे ५५ टक्क्यांनी कमी झाल्या.

पुढे याच रुग्णालयात औषधाच्या पाकिटावर आणि रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवर बारकोड आले. औषध देण्याआधी नर्स दोन्ही स्कॅन करू लागल्या. वेळ मागेपुढे होण्याच्या चुका वगळल्या, तर औषध देतानाच्या चुका सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्याचं २०१० च्या अभ्यासात दिसलं.

मग पिट्सबर्गमध्ये काय झालं?

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये अशीच यंत्रणा अवघ्या सहा दिवसांत सुरू करण्यात आली. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीच्या उपचारांसाठी तिथे आणलेल्या मुलांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. यंत्रणा येण्याआधी अशा मुलांचा मृत्युदर २.८० टक्के होता. ती आल्यानंतरच्या पाच महिन्यांत तो ६.५७ टक्क्यांवर गेला. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वैद्यकीय क्षेत्र हादरलं.

अभ्यासकांनी कारणं शोधली, तेव्हा कामाची पद्धत बदलल्याचे परिणाम समोर आले:

• आधी मूल रस्त्यात असतानाच औषधांची तयारी सुरू व्हायची. आता मूल पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत कॉम्प्युटरवर औषध लिहिताच येत नव्हतं.
• कागदावर काही सेकंदांत होणाऱ्या नोंदीसाठी अनेक क्लिक आणि एक-दोन मिनिटं लागू लागली.
• अतिदक्षता विभागात हाताशी असणारी औषधं मध्यवर्ती औषध विभागात हलवली गेली.
• डॉक्टर आणि नर्स यांचा वेळ खाटेजवळून स्क्रीनसमोर गेला.

अत्यवस्थ मुलाच्या बाबतीत ही काही मिनिटंच महत्त्वाची असतात. अर्थात, अभ्यासाचा काळ कमी होता आणि औषधांची जागाही त्याच वेळी बदलली होती. त्यामुळे सगळा दोष कॉम्प्युटरला देता येत नाही, अशी टीकाही या अभ्यासावर झाली.

तीच यंत्रणा, वेगळा निकाल

सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने त्याच कंपनीची यंत्रणा बसवली. पण नेहमी लागणाऱ्या औषधांचे तयार संच तिथे आधीच करून ठेवले होते आणि अतिदक्षता विभागातल्या लोकांना तयारीत सामील करून घेतलं होतं. तिथे मृत्युदर वाढला नाही. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डशी संलग्न मुलांच्या रुग्णालयात तर अशी यंत्रणा आल्यानंतर मृत्युदर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१० मध्ये नोंदवलं गेलं.

म्हणजे कोणतं सॉफ्टवेअर घेतलं, यापेक्षा ते बसवताना काम कसं आखलं, यावर बरंच अवलंबून असतं.

डॉक्टरांचा वेळ वाचतो का?

नेहमीच नाही. २००९ च्या कायद्यानंतर अमेरिकी सरकारने डिजिटल नोंदी ठेवणाऱ्या रुग्णालयांना अनुदान दिलं. २००८ मध्ये दहापैकी जेमतेम एका रुग्णालयात अशी मूलभूत यंत्रणा होती. २०१५ पर्यंत दहापैकी आठांहून जास्त रुग्णालयांत ती आली. पण २०१६ मध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरांच्या कामाचा अभ्यास झाला, तेव्हा रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जात असल्याचं आढळलं.

इशाऱ्यांचीही एक अडचण आहे. दर दुसऱ्या औषधाला स्क्रीनवर लाल खूण येऊ लागली, की डॉक्टर न वाचताच ती बंद करतात. मग खरोखर धोक्याचा इशाराही त्यातच निघून जातो.

भारतात काय सुरू आहे?

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात नागरिकाला ‘आभा’ हा १४ अंकी क्रमांक मिळतो. त्याच्याशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. काही रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी होते, त्यामुळे केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो.

दुसरी बाजू नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसली. दिल्लीच्या ‘एम्स’च्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणी, लॅब रिपोर्ट अशी कामं अनेक दिवस हाताने करावी लागली. लाइट किंवा नेटवर्क गेलं तर काम कसं चालवायचं, हे ठरलेलं नसेल तर त्याचा भार थेट रुग्णांवर येतो.

यश कशावरून ओळखायचं?

किती कॉम्प्युटर घेतले, किती लाख नोंदी झाल्या, हे आकडे सांगायला सोपे असतात. पण औषधांच्या चुका कमी झाल्या का, रिपोर्ट लवकर हातात पडतो का, तीच तपासणी पुन्हा करावी लागते का आणि नर्सला रुग्णाजवळ जास्त वेळ मिळतो का, हे यंत्रणा बसवण्याआधी आणि नंतर मोजलं, तरच केलेला खर्च रुग्णाच्या कामी आला का ते कळतं. पिट्सबर्गमधला धोकाही लक्षात आला, तो कोणीतरी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणूनच.